आखाजीच्या दुपारी चढलेली लिफ्ट

ही घटना खरी आहे. आमच्या नंदुरबारच्या घरी, याच वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला घडलेली.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. आसपास वडाचं झाडही नाही. भर दुपार होती आणि डांबर वितळवणारं ऊन.

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. सुरुवातीला मीही हसलोच होतो.

माझे वडील, दोधू आबा, मागच्या दिवाळीआधी गेले. मागे राहिल्या दोघी. माझी माय धनुबाई आणि आबांची पांढरी ॲम्बेसेडर. दोघींपैकी एकही जागची हलायला तयार नव्हती.

माय रोज गॅरेजमध्ये जाऊन त्या गाडीत बसायची. मागच्या सीटवर. आयुष्यभर आबांनी गाडी चालवली आणि ती मागे बसली. संसारही साधारण तसाच झाला.

आधी थोडा वेळ बसायची. मग जेवणाच्या वेळेलाही उठेना. मग जेवणच सुटत गेलं. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

डॉक्टर म्हणाले, "औषध नंतर. आधी त्यांना त्या गाडीतून बाहेर काढा."

गाडी विकायचा विषय मी काढला.

"इकी टाक," माय शांतपणे म्हणाली. "संगे माले बी इकी टाक."

मी शिकलेला माणूस. शिकलेल्या माणसाला घरातल्या दुःखावर यंत्र सुचतं. मला गाडी वर उचलून ठेवणारी लिफ्ट सुचली. आबांची गाडी वर, आमची नवी गाडी खाली. काही विकलं नाही, कुणाला दुखावलं नाही आणि माय काही वर चढू शकणार नाही.

हा शेवटचा फायदा मी मायला सांगितला नाही.

गॅरेजच्या सामानाची एजन्सी चालवणारा मयंकशेठ घरी आला. फरशी ठोकून पाहिली, स्लॅबची उंची मोजली.

"दोन खांबांची घेऊ नका, साहेब. तिला खाली जाड काँक्रीट लागतं, तुमची फरशी फुटेल. कात्रीवाली तर गाडीखाली काम करणाऱ्या मेकॅनिकसाठी असते. तुम्हाला गाडी वर्षानुवर्षं ठेवायची आहे ना? मग चार खांबांची. गाडी चाकांवर उभी राहते, झोपल्यासारखी."

"आणि पडली तर?"

"कशी पडेल? वर जाताना प्रत्येक टप्प्याला खट् करून लॉक लागतं. उतरवताना आधी बटण दाबून थोडी वर न्यायची, लॉक सुटतं, मग हा दांडा ओढायचा."

"आणि लाईट गेली तर?"

"तर जिथे आहे तिथेच. ना वर, ना खाली. लाईटशिवाय ही जागची हलत नाही, साहेब. माझ्या सासऱ्याकडे हीच लावली आहे."

मी चार खांबांची घेतली.

मुहूर्त आखाजीचा धरला. नवी वस्तू घरात आणायला याहून चांगला दिवस नाही. आणि आमच्या खानदेशात पितरांना घरी जेवायला बोलवायचा दिवसही हाच.

ही दोन कामं एका दिवशी करू नयेत, असं कुणालाच सुचलं नाही. दरवर्षी सगळे करतातच.

सकाळी मायने घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं. मग उंबरठ्यावर कुंकवाची बोटं उमटवली. एकेका पितराचं नाव, एकेक बोट. असंच आमंत्रण असतं आमच्याकडे.

आबांचं नाव तिने घेतलं नाही. कुंकवाची वाटी उचलून सरळ गॅरेजकडे निघाली.

"माय, तिकडे कोठे?"

"तुन्हा आबा कधय पुढला दारथीन वनात का?"

ते खरंच होतं. आबा गाडी लावून गॅरेजमधूनच घरात यायचे. तिने शटरखालच्या लोखंडी पट्टीवर एक बोट उमटवलं... आणि त्यांचं नाव घेतलं.

मी हसलो तो तेव्हा.

आबांची गाडी लिफ्टवर चढवून ठेवली होती, पण लिफ्ट अजून जमिनीवरच होती. जेवणं झाली की वर न्यायची, असं ठरलं होतं. निखाऱ्यावर आगारी, पितरांचा घास, टाकली आणि लाईट गेली. पंखे थांबले. फ्रिजही गप्प झाला.

रुचिका, माझी बायको, ताटं वाढता वाढता म्हणाली, "अहो, आई कुठे आहेत?"

माय गाडीत होती. मागच्या सीटवर, डोक्यावर पदर घेऊन.

"माय, जेवाले चाल."

"थांब जरासा. त्या वनात."

"कोण आलं?"

"कोण म्हणे. तुन्हा आबा."

मी पुढे पाहिलं.

ड्रायव्हरची सीट रिकामी होती.

पण ती... दबलेली होती.

मी दाराकडे हात नेला. आतली कुलपाची खुंटी आपोआप खाली बसली. मग दुसरी. मग उरलेल्या.

खट्.

गाडी टीचभर वर गेली होती.

"अहो," रुचिका मागून म्हणाली. "लाईट आली का?"

लाईट आली नव्हती. मोटरचा आवाजच नव्हता. फक्त...

खट्.

मी मयंकशेठला फोन लावला.

"शक्यच नाही, साहेब. पुरणपोळी जास्त झाली का?"

खट्.

पलीकडून तो हळूच म्हणाला, "लॉकचा आवाज येतोय. साहेब... मोटरचा का येत नाही?"

मी फोन टाकला. चाकाचा पाना उचलून काचेवर मारला. तडा गेला नाही. गाडी माझ्या छातीपर्यंत आली होती. वर स्लॅब होता आणि गाडी त्याच्याकडे निघाली होती.

मागची काच थोडी उघडी होती. मी शिडीवर चढून त्या फटीला तोंड लावलं.

"माय, दार उघड. वर स्लॅब शे."

"तू गाडी वर ठेवी देशी," ती म्हणाली. रागाने नाही, हिशेब सांगावा तशी. "मंग मी कोठे बसू? त्या म्हणतस, वरच चाल."

तिला सगळं कळलेलं होतं. पहिल्या दिवसापासून.

"नही ठेवाव, माय. गाडी आठेच ऱ्हाई. तू रोज बस. तठेच जेव. मी ताट आणसू. आबा, तुम्ही तरी सांगा तिले..."

मी रिकाम्या सीटशी बोलत होतो. मी. रुचिका खाली शिडी धरून रडत होती.

काच वर करायचा दांडा हळूहळू फिरला. फट बंद झाली.

खट्.

गाडीचा टप स्लॅबला लागला. प्लास्टर माझ्या डोळ्यांत पडलं. पत्रा कुरकुरत आत दबत होता आणि माय खाली वाकली होती. काचेतून तिचे ओठ हलताना दिसत होते. पुढच्या सीटकडे पाहून ती काहीतरी बोलत होती. बराच वेळ. समजूत घालावी तसं.

मग आवाज थांबला.

सगळंच थांबलं.

आणि लाईट आली.

लॉक सोडवायला गाडी आधी वर न्यावी लागते. वर तर जागाच नव्हती. माझी माय त्या पत्र्याखाली होती आणि तिला खाली आणायला मला वर जायचं बटण दाबायचं होतं.

मी दाबलं. पत्रा फाटल्याचा आवाज आला. मी दांडा ओढला.

गाडी खाली आली. दार सहज उघडलं. माय उतरली, पदर झटकला.

"भूक लागनी," म्हणाली.

त्या दुपारी तिने तीन पुरणपोळ्या खाल्ल्या.

लिफ्ट मयंकशेठ घेऊन गेला. दुरुस्तीला म्हणून. परत आणायचा विषय तो काढत नाही, मीही काढत नाही. माय आता गाडीत बसत नाही. अंग धरलंय, देवळात जाते, शेजारणींना टोमणे मारते. डॉक्टर माझ्यावर खूश आहेत.

न राहवून एकदा विचारलं, त्या दिवशी आबांशी काय बोललीस?

"काय बोलसू? पोऱ्या घाबरी ग्या, म्हनं. आवंदा ऱ्हाऊ द्या. पुढली आखाजीले या."

हल्ली संध्याकाळी ओट्यावर बसून ती मला विचारते, "आखाजीले कितला दिन ऱ्हायनात रे, भाऊ?"

मी दर वेळी जास्तच सांगतो.

कालपासून तिने विचारणं बंद केलंय. ती आता स्वतःच बोटांवर दिवस मोजते.