पहिल्या मजल्यावरचं दार

जानेवारीतल्या त्या मंगळवारी अलकनंदाबाई सरोजिनी नगरच्या बाजारात गेल्या, त्या एक स्वेटर बदलून आणायला. त्यांच्या मुलाला, सुयशला, बाह्या आखूड पडत होत्या. मयूर विहारहून मेट्रोने निघाल्या तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि धुकं अजून उठलं नव्हतं. दिल्लीत असे काही दिवस येतात, की सूर्य उगवलाय हे फक्त घड्याळावरून कळतं.

स्वेटरचं काम दहा मिनिटांत झालं. जवळच जुनी सरकारी क्वार्टर्स पाडायला काढली होती. त्यांतल्याच एका ब्लॉकच्या पहिल्या मजल्यावर त्यांनी नोकरीची अठरा वर्षं काढली होती. येत्या रविवारी मराठी मंडळात त्यांना आपल्या आयुष्याविषयी बोलायचं होतं. चार पानं लिहून तयार होती. घर एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावं, एवढंच मनात आलं.

पत्र्याच्या कुंपणातल्या फटीतून त्या आत शिरल्या. ब्लॉक रिकामा होता. जिन्यात ओल्या चुन्याचा वास कोंदला होता. वर चढता चढता मात्र वास बदलला. हिंग-मोहरीची फोडणी. पहिल्या मजल्यावर त्यांच्या जुन्या घराचं दार अजून जागेवर होतं आणि आत कुकरची शिट्टी झाली.

कुणी मजुराचं कुटुंब राहत असेल, असं समजून त्यांनी दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून बाईचा आवाज आला. मराठीत.

आपला आवाज माणसाला सहसा ओळखू येत नाही. अलकनंदाबाईंना आला. तरुण, तुटक, कामाला जुंपलेल्या बाईचा. त्या आपलं नाव सांगायला गेल्या, पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"वहिनी… दार उघडा ना. जरा वेळ बसते फक्त."

ते शब्द प्रभावतीचे होते.

प्रभावती वरच्या मजल्यावर राहायची. लग्न होऊन साताऱ्याहून आलेली, तेवीस वर्षांची. नवरा, गुणवंत, तिला मारायचा. सगळ्या जिन्याला माहीत होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी तिने हे दार वाजवलं, आणि आज पुन्हा कुठे त्यांच्या भानगडीत पडायचं, म्हणून अलकनंदाबाईंनी आतूनच तिला परत पाठवलं. तासाभराने ती गच्चीवरून खाली पडून मेलेली सापडली. पोलिसांना अलकनंदाबाई म्हणाल्या, मी घरी नव्हते. पुढे त्यांनी स्वतःलाही तेच सांगितलं. त्या चार पानांत प्रभावती कुठेच नव्हती.

आतली पावलं दाराशी आली. थांबली. पलीकडचा श्वास ऐकू येत होता.

"नंतर ये गं. सुयश झोपलाय."

तेवढ्यात वर, जिन्यावर, कुणीतरी पायरीवर पाय टेकवला. पुरुषाचा, जड. मग एक पायरी खाली. मग थोडं थांबून आणखी एक.

अलकनंदाबाई दोन्ही हातांनी दार बडवू लागल्या. "वहिनी… तुम्ही आत आहात. मला माहीत आहे…"

आत नळ सुरू झाला. पाणी बादलीत धो धो पडू लागलं.

ऐकू येऊ नये म्हणून त्या दिवशी त्यांनी नळ सोडला होता. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. दाराच्या अलीकडे तो आवाज कसा लागतो, ते त्यांना आज कळलं. पावलं पाठीशी येऊन थांबली. मानेवर कुणाचा तरी गरम श्वास लागला. त्यांनी मागे पाहिलं नाही.

"माताजी… वहाँ क्या कर रही हो?"

खालून चौकीदार विचारत होता. नळ थांबला. तो वर आला आणि त्याने काठीने दार ढकललं. आत वीतभर फरशी होती, आणि पुढे नुसतं धुकं. इमारतीचा मागचा भाग कधीच पाडून झाला होता.

"ऊपर से कोई आ रहा था," त्या कशाबशा म्हणाल्या.

"ऊपर तो कुछ बचा ही नहीं, माताजी."

त्यांनी वर पाहिलं. जिना पाच पायऱ्यांवर तुटला होता.

संध्याकाळी सुयश ऑफिसातून आल्यावर त्यांनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. नळाचंही. "रविवारी मी हेच बोलणार आहे," त्या म्हणाल्या. "ती पानं फाडून टाकली. खोटं बोलत फार वर्षं काढली."

प्रभावती गेली तेव्हा सुयश सहा वर्षांचा होता.

"मी झोपलो नव्हतो, आई."

"म्हणजे तू ऐकलंस?"

"हो. पण तू दार उघडलं होतंस."

"नाही रे…"

"बिल्कुल उघडलं होतंस. प्रभावती काकू आत आली. स्वयंपाकघरात ओट्याखाली बसली. तू भांडी घासत होतीस, तिच्याकडे बघतही नव्हतीस. मला वाटलं, तुमचं भांडण झालंय."

"मग… ती गेली कधी?"

"तेच तुला विचारायचं होतं," सुयशने आवाज खाली आणला. "लहान होतो तेव्हा हिंमत झाली नाही. इथे मयूर विहारला राहायला आलो, तेव्हा वाटलं, आता सुटलो. मग सवय झाली."

"कसली सवय?"

सुयशने स्वयंपाकघराकडे पाठ करून खुर्ची थोडी पुढे ओढली.

"तिच्या बाजूने वळसा घालून जायची," तो म्हणाला.