खोटा तीन, खोटं शून्य

फोन आटोपता घ्यायचा, असं मर्लिन सिस्टरने तेजस्वीला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. दुखणं किती ते विचार, आकडा लिही आणि ठेवून दे. जास्त रेंगाळलीस की माणूस आजार सोडून बाकी सगळं सांगायला लागतो. तेजस्वीने हसून मान डोलावली आणि सल्ला वाऱ्यावर सोडून दिला. एमएस्सी झालेल्या मुलीला काय फोन ठेवायला शिकवायचं?

वसईच्या त्या हॉस्पिटलात ती संशोधनाचं काम बघायची. पित्ताशयातला खडा घसरून वाटेत अडकला की स्वादुपिंड सुजतं आणि पोटात आग पडते. सूज फार असेल तर ती उतरल्यावरच पित्ताशय काढतात. पण नेमकं किती थांबावं? घाई नको, आणि उशीर केला तर खडा पुन्हा घसरायची भीती. डॉक्टरांचा अभ्यास त्यावरच होता. ऑपरेशनची वाट बघत घरी बसलेल्या पेशंटना फोन करून शून्य ते दहात दुखणं किती हे विचारायचं, ते काम तेजस्वीचं.

दीपेश तिला भेटला तो योगायोगानेच. ती आली होती शेजारच्या खाटेसाठी, पण तो पेशंट तपासणीला गेलेला, म्हणून तिने याची फाइल आधी उघडली. जवळच्या होळी गावचा, केळीची वाडी करणारा उंच मुलगा, उशी पोटाशी धरून वाकून बसलेला, आणि भोवती अर्धं गाव. ठरलेला प्रश्न तिने ठरलेल्या आवाजात विचारला — दारू किती घेता?

त्याच्या मावशीने तोंडातला घास चावायचा थांबवला.

"मॅडम," तो कण्हत म्हणाला, "जरा मोठ्याने विचारा. स्वादुपिंड सुजलं म्हणजे पोरगा पितो, असं गावाने ठरवून टाकलंय. माझं लग्न जमायचंय अजून."

"किती घेता?" तिने खरोखरच आवाज चढवला.

"एक थेंबही नाही. खडा आहे. लिहा, आणि सगळ्यांना वाचून दाखवा."

तिने वाचूनही दाखवलं. हसू आवरताना पेन मात्र दोनदा खाली पडलं.

तो घरी गेला. दुखत नसलेल्या पेशंटला आठवड्याने फोन, दुखत असलेल्याला रोज — हा नियम त्याला कुठून कळला कोण जाणे, त्याचं दुखणं तीनवर जाऊन बसलं ते हलेचना. रोज तीन. आकडा सांगून झाला की घरात काय शिजतंय ते सुरू. आईने निवट्या माशांचं कालवण केलंय, आमच्या पानात बिनतेलाचा दुधी. नुसता वास घ्यायला तुमच्या डॉक्टरांची परवानगी आहे का, जरा विचाराल? तेजस्वी विचारते म्हणायची. विचारायची अर्थातच नाही. पण फोन ठेवला की कामाचा दिवस संपल्यासारखा वाटायचा.

तीन काही उतरेना, म्हणून डॉक्टरांनी काळजीने पुन्हा सीटी स्कॅन करायला लावला. सूज छान उतरत आली होती. तेजस्वीने त्याला हॉस्पिटलच्या जिन्यापाशी गाठलं. खरं सांगा, दुखतं का?

त्याने चपलेकडे पाहिलं. "फोन आला नाही तर... दुखतं."

हसू येत होतं, पण राग त्याहून मोठा होता. "नाहक स्कॅन झाला तुमचा. अभ्यासात खोटी नोंद गेली. आणि तुम्ही तीन म्हणालात की मी इथे दिवसभर घाबरून असते."

"दिवसभर?" त्याने नेमका तेवढाच शब्द उचलला.

ती लाल झाली. मग जमेल तेवढं कोरडं होत तिने सांगितलं, की तो अभ्यासात आहे तोवर ती त्याच्याबरोबर चहासुद्धा घेऊ शकत नाही. आधी बरं व्हायचं, बाहेर पडायचं.

"आणि मग?"

"मग... बघू."

तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं, बोलणी खाल्ली, नोंद दुरुस्त केली. पण त्या 'बघू'ने घात केला. पुढच्या फोनपासून दीपेश ठणठणीत. शून्य, मॅडम. एकदम शून्य. वाडीला पाणी सोडतोय, दुधीसुद्धा गोड लागतोय.

मग एके सकाळी तो शून्य म्हणाला आणि गप्पच झाला.

"आज काय शिजलंय?" तिने विचारलं.

"काहीतरी... असेल भात."

तेजस्वीने पेन खाली ठेवलं. कालवणातल्या खोबऱ्याचं वर्णन करणाऱ्या माणसाला चुलीवर काय आहे ते ठाऊक नाही? शब्दाशब्दाला श्वास तुटत होता. तिने त्याच्या आईला, हंसाकाकूंना, फोन लावला.

"दीपेश? तो वाडीत केलीला मिठी मारून उभा हाय कवापासून," काकू म्हणाल्या. "मी म्हनलं, पोरगा प्रेमात पडला."

"काकू, आत्ताच्या आत्ता घेऊन या त्याला. तोंडात काही घालू नका."

"पानी पन नको?"

"पाणीपण नको."

खडा पुन्हा घसरला होता. अजून उशीर झाला असता तर... डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही, आणि तेजस्वीला ते दिवसचे दिवस ऐकू येत राहिलं. सूज उतरली, या वेळी पित्ताशयही निघालं. डॉक्टरांच्या परवानगीने तिने त्याची फाइल मर्लिन सिस्टरच्या हवाली केली. सिस्टरने नुसती भुवई उंचावून फाइल घेतली. मग भेटीच्या वेळेला, पांढरा कोट न घालता, तेजस्वी इतर पाहुण्यांसारखी त्याच्या खाटेशी जाऊन बसली. काकूंना एकाएकी बाहेर काम आठवलं.

"शून्य का म्हणालात?"

"लवकर बाहेर पडायचं होतं. चहासाठी."

"जगातूनच बाहेर पडला असतात." तिने खुर्ची पुढे ओढली. "मला आवडावं म्हणून बरं असल्याचं नाटक करणारा माणूस नकोय मला, दीपेश. खरं बोलणार असाल तर... थांबते."

त्याने उशी पोटाशी ओढून घेतली.

"दुखतंय," तो म्हणाला. "खूप. आणि त्या सकाळी केळीखाली भीती वाटली, तेजस्वी. तू आवडतेस हे सांगायचं राहूनच जाईल, याची."

पहिल्यांदाच तो मॅडम म्हणाला नाही. तिने सलाइन नसलेला हात शोधून धरला. तिलाही तो आवडत होता, हे तिने अगदी हळू सांगितलं, टाक्यांना धक्का लागू नये म्हणून.

तुमच्याही घरात असेल कुणीतरी. सकाळपासून पोट धरून, 'काही नाही गं, गॅस झालाय' म्हणत बसलेलं. हे वाचणं राहू द्या बाजूला. आत जा, विचारून या. आणि 'बरं आहे' असं उत्तर आलं, तर चेहरा नीट बघितल्याशिवाय परत फिरू नका.