अकरावा चेहरा

हे मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजही तोंडावर हसते. पण त्या एका दुपारचं मला हसू येत नाही.

एप्रिल १९८३. शनिवार. रात्रबित्र नव्हती... भर दुपारचे अडीच वाजले होते.

माझे वडील काशीराम यांचा अंधेरी पूर्वेला छोटा फोटो स्टुडिओ होता. रिटचिंगमध्ये त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. लोक मेलेल्या माणसाचा एकुलता एक फोटो आणायचे, तोही डोळे मिटलेला. बाबा ब्रशने डोळे उघडून द्यायचे. मग घरचे त्याला हार घालायचे.

त्या आठवड्यात एक म्हातारे फादर आले. मूळचे आयर्लंडचे. इथल्या शाळेत शिकवून शिकवून मराठी बोलायला लागलेले. त्यांच्याकडे १९१६ सालचं एक पोस्टकार्ड होतं. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या त्यांच्या गावच्या माणसांचा फोटो. असे फोटो तिकडे पोस्टकार्डावर छापून घरोघर जपायचे, असं ते म्हणाले.

माणसं अकरा. चेहरे दहा.

अकराव्याचा चेहरा ब्लेडने खरवडलेला होता.

"हा फितूर झाला," फादर म्हणाले. "याने सोबत्यांची नावं दिली. म्हणून सोबत्यांनीच त्याचा चेहरा खरवडून टाकला. कॉपी करा, पण हे असंच राहू दे. हाच आमचा इतिहास आहे."

मी पाकिटावर ठळक लिहिलं, 'जसं आहे तसंच.' बाबांनी वाचलं आणि हसले.

"बिनचेहऱ्याचा माणूस गिऱ्हाइकाच्या हातात देऊ? माझं नाव जाईल गं!"

स्वभावाला औषध नसतं. त्यांनी मोठी कॉपी काढली, त्यावर चेहरा रंगवला आणि तिचा पुन्हा फोटो घेतला. चेहरा कोणाचा, म्हणून विचारलं तर म्हणाले, "कोणाचा नाही. हात जाईल तसा."

शनिवारी डार्करूममध्ये लाल दिव्याखाली मी ट्रे हलवत होते. कागद पांढराफटक.

आधी एकच चेहरा उमटला...

बाकीचे दहा मागाहून आले. असं कधी होत नाही.

आणि रंगवताना कोणासारखाच न दिसलेला तो चेहरा आता लवूकाकाचा होता.

लवूकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. गिरणीचा संप लांबला तसा तो आमच्याकडे राहायला आला होता. स्टुडिओत प्रिंट धुवायचा, सुकत घालायचा. माझी बाजू घेऊन बाबांशी भांडणारा घरात तो एकटाच. माझा फार जीव होता त्याच्यावर.

मी प्रिंट बाहेर आणला. लवूकाकाने तो पाहिला आणि मटकन स्टुलावर बसला.

"दादा... तुका कोणी सांगल्यान?"

"काय ता?" बाबा गोंधळले.

"संपातल्या तिघांची नावां मीच दिलंय. गिरणीच्या हापिसात. माका कामार परत घेतंव म्हणाले. त्यातलो राजाराम त्या दिवसापासून घराक इलोच नाय रे."



मग बाहेर पावलं वाजली... बुटांची. नाल ठोकलेले बूट, एका तालात, पुष्कळ.

एप्रिलात अंधेरीत असे बूट कोण घालतं?

पावलं आमच्या दाराशी थांबली.

मी दारात जाऊन पडदा सारला. रस्ता रिकामा. समोरचा पानवाला पेंगत होता.

वळून पाहिलं तर बाबा प्रिंटकडे टक लावून होते. त्यांनी तो माझ्यासमोर धरला. फोटोतले दहाही जण आता कॅमेऱ्याकडे बघत नव्हते...

लवूकाकाच्या चेहऱ्याकडे बघत होते.

बाबांनी ब्लेड उचललं. "मीच काढलंय, मीच पुसतंय!" प्रिंटवरचा चेहरा खरवडला, मग निगेटिव्हवरचा. भावाला वाचवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"बघ, गेलो," म्हणत त्यांनी मान वर केली.

स्टूल रिकामं होतं.

दारात मी उभी होते, नजर ब्लेडवर. दुसरं दार नव्हतं.

बाहेर बुटांचा आवाज लांब लांब जात राहिला...

फादरना मूळ कार्ड परत दिलं. कॉपी जमली नाही म्हणून सांगितलं.

लवूकाका हरवल्याचं सांगायला चौकीत गेलो तर हवालदार म्हणाला, "फोटो घेऊन या." फोटोवाल्याच्या घरात फोटोंना काय तोटा! बाबांनी ट्रंक उघडली. लग्नातला, गणपतीतला, मला कडेवर घेतलेला.

प्रत्येकात लवूकाका होता. चेहरा एकातही नव्हता. बारीक, आडवे ओरखडे... ते बाबांच्याच हाताचे होते. तो हात मी ओळखते. पण ती ट्रंक वर्षभर कोणी उघडली नव्हती.

मग बाबा ब्रश घेऊन बसले. आठवून काढतो म्हणाले. तीन दिवस बसले. कागद कोराच. सख्ख्या भावाचं नाकसुद्धा त्यांना आठवेना. मरेपर्यंत विचारत होते, "लवू कसो दिसायचो गं?"

मला सांगता आलं नाही. मलाही आठवत नाही. आवाज आठवतो, विडीचा वास आठवतो, चेहरा नाही.

त्याने वाईट केलं, मान्य आहे. तरी तो माझा काका होता. आता रस्त्यात एखादा ऐंशीच्या घरातला म्हातारा माझ्याकडे बघून थबकला की मी पटकन मान वळवते आणि पुढे जाते.

तो लवूकाका असला, तरी मला कळणार नाही.