टिटवीची अंडी

हसू नको, हर्षदीप. नागनाथ माझ्या साडूचा पोरगा, कडेवर खेळवलेला. ही गोष्ट मागच्या गुढीपाडव्याच्या आदल्या रातीची, अवसेची.

पैनगंगेतल्या बेटावर पाखरं अंडी घालतात म्हणून जंगलवाल्यांनी ते राखीव केलंय. रेती उचलायला बंदी. तेलुगूत, मराठीत बोर्ड आहे. उन्हाळ्यात आपल्या बाजूचं पात्र कोरडंच. दिवस मावळल्यावर नागनाथ ट्रॅक्टर घेऊन रेतीला गेला आणि येताना टिटवीची तीन अंडी घेऊन आला. काऊन? तर म्हणे, टिटवी परिसानं अंडी फोडते. अंडी लोखंडाखाली कोंडली की ती परीस आणते अन् लोखंडाचं सोनं होतं! अरे, आपल्याकडं नांगरतानासुद्धा टिटवीच्या अंड्यांभोवतीची जमीन सोडतात. पण लोभाला डोळे नसतात.

अंड्यांवर लोखंडी घमेलं पालथं घालून तो अंगणात बसला. घरात बायको सुवर्णा, दिवस भरलेले. टिटवी घरावरून ओरडत फिरू लागली.

"अहो, नेऊन ठेवा ना तिची लेकरं," सुवर्णा म्हणाली. "आपलंबी येऊन राह्यलं."

"गप बस. परीस आणल्याबिगर ती जात नसते."

मध्यरात झाली. परीस नाही. नुसतं ओरडणं. नागनाथ चिडला. घमेलं उचललं, एक अंडं भिंतीवर आपटलं.

ओरडणं थांबलं.

एकदम...

मग आतून सुवर्णा. "अहो... पोटातलं हालून नाही राह्यलं."

उरलेली अंडी उचलून तो नदीकडं पळाला. अनवाणी. आमचं घर वाटेवरच. मी माझ्या कानांनी ऐकलं, "मले घे! लेकराले सोड!"

मग काहीच नाही...

सुवर्णाला आम्ही आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. पहाटे पोरगी झाली. खणखणीत रडली. बाप मात्र आला नाही.

दुपारी आम्ही बेटावर गेलो. ऊन मी मी म्हणत होतं. नागनाथ वाळूत उकिडवा बसलेला. डोळे उघडे. अंग थंड. खाली दोन्ही अंडी शाबूत. सूड घेतला तिनं, पण लेकरावर नाही घेतला. माझं काळीज फाटलं रे.

सदरा पोटापाशी ओलाचिंब होता.

बेटाचा राखणदार देवानंद हळूच म्हणाला, "काका, उन्हात टिटवी असंच करते. पोट भिजवून अंड्यांवर बसते."

मी पाण्याच्या काठापर्यंत गेलो. माणसाचं पाऊल एकही नव्हतं...

अंड्यांपासून पाण्यापर्यंत जाणारी-येणारी पावलं होती. तीन बोटांची.

माझ्या पंज्याहून मोठी.