पितळी बर्नरवरचं नाव

मेडशीच्या आमच्या शाळेत गोबरगॅस आहे, पण शहरातून आणलेले बर्नर त्यावर नीट पेटत नाहीत. त्यांचं छिद्र बारीक. माझी मैत्रीण वैभवी तिथं विज्ञान शिकवायची. तिनं जुन्या स्टोव्हची पितळी नळी कापली, छिद्र रुंद केलं आणि स्वतःचा बर्नर बनवला. निळी, सरळ ज्योत! पेटवण्याआधी ती पोरांना दोन नावं घ्यायला लावायची. "बन्सनचं नाव जगभर झालं. पण त्याच्यासाठी बर्नर घडवला डेसागा नावाच्या कारागिरानं. त्याचंही घ्या."

मागच्या वर्षी वैभवी काविळीनं गेली. तिचं तेरावंही झालं नव्हतं, तेवढ्यात संस्थेच्या अध्यक्षानं तो बर्नर कारंजा गावी पाठवला आणि लग्नातल्या भांड्यावर घालतात तसं टिंबाटिंबानं बुडाशी आपलं नाव घालून आणलं. वर 'शोधक'! मेला निर्लज्ज! ज्याला धड काडी ओढता येत नाही, तो शोधक? मी तरातरा जाऊन भांडले.

"बाई, गेलेल्या मानसाले नाव कायले पायजे?" तो हसला.

विज्ञान प्रदर्शनात त्याचा सत्कारही झाला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड!

दुसऱ्या दिवशी वर्गात मी बर्नर पेटवला. पोरांनी सवयीनं दोन नावं घेतली, आणि आपणहून तिसरं, वैभवीबाईंचं. तास संपल्यावर पुसायला घेतला तर बूड गुळगुळीत. बुडाला आच लागत नाही. लागली तरी कोरलेली टिंबं बुजत नाहीत. हे मीच शिकवते.

"तुमीच घासलं!" अध्यक्ष माझ्यावर ओरडला. नाव घालणाऱ्या मदनसिंगनं पुन्हा घातलं, खोल. पोरांनी पुन्हा तिन्ही नावं घेतली. बूड पुन्हा कोरं.

मग शाळेच्या फाटकाजवळच्या संगमरवरी पाटीवरचं अध्यक्षाचं नाव गेलं.

काल त्याची बायको धनीबाई प्रयोगशाळेच्या दारात आल्या. पदराखाली स्टीलचा डबा.

"बाई, घरच्या भांड्यायवरचं सारं नाव गेलं."

"बरं झालं!" मी फटकन म्हणाले.

"तसं नाही जी. हे सकाळपासून खाटेवर बसून मलेच पुसून राह्यले, माह्यं नाव काय म्हणून. कागदं पाह्यले, तिथं बी कोरं. मी कधी त्यायचं नाव घेतलंच नाही. तुमी सांगा ना."

वर्षभर मी ते नाव रोज शिव्या घालत घेतलं होतं. मी तोंड उघडलं.

मागं बर्नर चालू होता. निळा, सरळ.

जिभेवर एकच नाव आलं.

"वैभवी."

धनीबाईंनी मान हलवली. "हाव, असंच काही होतं." विसरू नये म्हणून ते नाव पुटपुटत त्या घराकडं निघाल्या.