कानात बोलणारी

कॅन्टीनच्या रांगेत कुणी हात मिळवत पुढे सरकतं का? पण हा माणूस सरकत होता. एकाच्या खांद्यावर थाप, दुसऱ्याला "काय, घरी सगळे बरे?", तिसऱ्याशी हसून हात मिळवणं... आणि बोलता बोलता स्वारी थेट कॉफीच्या मशीनपाशी!

"इथं मतं मिळत नाहीत," मागून आवाज आला. "आणि रांग तिकडून सुरू होते."

तो वळला. गळ्यात ओळखपत्र, केसांत खोचलेलं पेन, आणि रागावलेले पण हसू दाबून धरलेले डोळे.

"सवय हो," तो ओशाळला. "जुनी आहे."

"मोडू की," ती म्हणाली. "मी तुमच्या कार्यक्रमाची प्रोड्युसर."

झालं! मंत्रिपद गेलं, निवडणुकीत सपाटून आपटला, पक्षातल्यांनी फोन उचलणं सोडलं, आणि तेव्हा या वृत्तवाहिनीनं त्याला संध्याकाळची चर्चा चालवायला बसवलं. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात, ते काही खोटं नाही. न्यूजरूममध्ये पाठीमागे सगळे त्याला 'माजी' म्हणत. त्या माजीला माणसात आणायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं.

ती काचेपलीकडच्या कंट्रोल रूममध्ये बसायची आणि तिचा आवाज त्याच्या कानातल्या बारीक यंत्रात पोचायचा. पाहुण्याला थांबवा, घड्याळ बघा, ब्रेक घ्या. साधं काम. पण पहिल्याच दिवशी तिनं कानात "आटपा आता" म्हटलं, आणि हा भर कार्यक्रमात मान डोलवून म्हणाला, "हो हो, तुमचं काम झालंच समजा!"

समोर बसलेले अर्थतज्ज्ञ चपापले. त्यांनी कुठलंच काम सांगितलं नव्हतं. कंट्रोल रूममध्ये लोक हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले.

"अहो, कानातल्याला उत्तर द्यायचं नसतं," नंतर ती म्हणाली.

"कानाशी लागणाऱ्याला हो म्हणतच आयुष्य गेलं माझं," तो म्हणाला. "म्हणून तर इथं आलो."

तो हसत होता, पण तिला काही हसू आलं नाही.

मग रोज कार्यक्रम संपला की दोघं एडिटिंगच्या छोट्या खोलीत बसून झालेली चर्चा पुन्हा बघायची. "इथं तुम्ही भाषण ठोकलंत." "इथं टाळ्यांसाठी थांबलात, कोण वाजवणार होतं?" ती कान उपटायची आणि हा पठ्ठ्या गाल हातावर टेकून पडद्याऐवजी तिच्याकडे बघत बसायचा.

"पडद्यावर बघा."

"तो माणूस मला माहितीये. फार बोलतो."

"आणि इथला?"

"इथला... हल्ली ऐकायला शिकतोय." "दिवसभरात एकच आवाज असा असतो, ज्याला माझ्याकडून काही नको असतं."

"मला वेळेवर ब्रेक हवा असतो," ती म्हणाली खरी, पण पेन शोधायला केसांत हात घातला तेव्हा ते टेबलावरच पडलेलं होतं. आता हे काय म्हणायचं? प्रेमच म्हणायचं, दुसरं काय!

आणि नेमका तेव्हाच त्याच्या जुन्या पक्षाचा अध्यक्ष मुलाखतीला यायचा ठरला.

मेकअपच्या खोलीत गालावर पावडर लावून घेता घेता त्यानं तिला सांगून टाकलं. "मला परत बोलावलंय. तिकीट देतायत. आजची मुलाखत नीट झाली की उद्या जाहीर करणार."

"नीट म्हणजे?"

"म्हणजे प्रसूतिगृहाचा विषय काढायचा नाही."

शहरातलं ते एकुलतं सरकारी प्रसूतिगृह याच्याच सरकारनं बंद केलं होतं आणि बैठकीत यानंही हात वर केला होता. प्रश्न तिनं सकाळीच लिहून ठेवला होता. तो विचारला की परतीची वाट बंद. नाही विचारला, की हा चालला. आणि तिची आई त्याच प्रसूतिगृहात सिस्टर होती, हे तिनं त्याला अजून सांगितलेलं नव्हतं.

मुलाखत सुरू झाली. अध्यक्ष गोड गोड बोलत होते. प्रश्नाची वेळ आली. तिनं बटणावर बोट ठेवलं आणि... बोट तिथंच अडलं. आपण कुणासाठी सांगणार आहोत हे? बातमीसाठी? आईसाठी? की हा माणूस आपल्याला सोडून जाऊ नये म्हणून? शेजारचा तंत्रज्ञ खुणा करत होता, "सांग ना!" ती तोंडात मूग धरून बसली. जीव नुसता टांगणीला लागला होता.

पडद्यावर तो गप्प झाला. कानात काहीतरी येईल म्हणून वाट बघत असावा. काही आलं नाही. मग त्यानं हातातले कागद बाजूला ठेवले.

"अध्यक्षसाहेब, आपण प्रसूतिगृह का बंद केलं? 'आपण' म्हणतोय, कारण मीही हात वर केला होता. तेव्हा विचारायला हवं होतं. नाही विचारलं. चूक माझीही आहे."

अध्यक्षांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मुलाखत संपताच ते हात न मिळवता निघून गेले.

बाहेर पोर्चमध्ये भुरभुर पाऊस होता. ती खांबाला टेकून उभी होती, डोळे लाल.

"आज कानात कुणीच नव्हतं," तो म्हणाला. "वाटलं, यंत्र बिघडलं."

"मुद्दाम गप्प बसले. मी सांगितलं असतं तर माझ्यासाठी सांगितलं असतं... तुम्ही जाऊ नये म्हणून." तिनं नाक पुसलं. "उद्यापासून मी सकाळच्या बातम्यांकडे जातेय. ज्याच्यात जीव अडकलाय, त्याचा कार्यक्रम मला करता यायचा नाही. आणि अजून एक. आई तिथं सिस्टर होती. शेवटचा पाळणा तिनं पुसून ठेवला आणि घरी येऊन जेवली नाही."

तो ओल्या पायरीवर तसाच बसला.

"त्यांना भेटायला येऊ?" त्यानं विचारलं. "माफी मागायला. त्या हाकलून देतील, तरी येऊ?"

"रविवारी या. पण लवाजमा घेऊन येऊ नका."

"आता माझ्याबरोबर कोण यायला बसलंय?"

"मी आहे ना," ती बोलून गेली.

मग तिला वाटलं, सारवासारव करावी, विषय बदलावा. पण नाही बदलला. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली, आणि पाऊस थांबला तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.