साडेपाच मीटरची जागा

जर्मनीतल्या मोझेल नदीच्या कडेकडेने मी एकोणीस किलोमीटर आले होते, आणि मागची पिवळी गाडी आठव्यांदा दिव्यांची उघडझाप करत होती.

आमच्यात – म्हणजे मोटरहोम घेऊन हिंडणाऱ्यांत – रस्त्यावर कोणी भेटलं की हात करायचा असतो. ओळख असो वा नसो. म्हणून त्याने पहिल्यांदा दिवे लावले तेव्हा मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. दुसऱ्यांदाही हलवला. तिसऱ्यांदा जरा कमी उत्साहाने. मग तो हॉर्न वाजवायला लागला, तेव्हा मनात म्हटलं, असतात काही जण असे… आणि वेग थोडा वाढवला.

पुढे नदी ओलांडायची होती. फेरीबोट पलीकडच्या काठावर होती, त्यामुळे थांबणं भाग पडलं. पिवळी गाडी माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिच्यातून एक तरुण उतरला आणि माझ्या खिडकीशी आला. बोटांना दोन-तीन चिकटपट्ट्या, केसांत द्राक्षवेलीचं एक वाळकं पान. ते पान तिथे आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

"माफ करा," तो म्हणाला, "तुमचं काहीतरी पेट्रोलपंपावर राहिलंय."

"काय?"

"वडील."

मी मागे वळून पडदा सरकवला. पलंगावर पांघरूण होतं, उशी होती, उशीशेजारी बाबांचा फोन चार्ज होत होता. बाबा नव्हते. मी डिझेल भरत असताना ते झोपलेलेच असणार असं मी धरून चालले होते. मोटरहोममध्ये ही चूक होते. मागच्या खोलीतला माणूस दिसत नाही, आणि न दिसणारा माणूस आहेच असं आपण समजतो.

बाबा पिवळ्या गाडीत पुढच्या सीटवर बसून कागदी पिशवीतले आलुबुखार खात होते. उतरायची त्यांना काही घाई दिसली नाही.

"एकोणीस किलोमीटर, फेना," ते म्हणाले. "तुझ्या आईला तिसऱ्या किलोमीटरला कळतं. घोरणं थांबलं की ती मागे बघते."

तो तरुण हसला. आवाज न करता, नुसत्या डोळ्यांनी. मी कान लाल होईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिले.

त्याचं नाव टिलेन. स्लोव्हेनियाचा. जवळच्याच गावात, नदीवर कललेल्या उभ्या द्राक्षमळ्यात तो तोडणीला होता. त्याची गाडी पूर्वी टपाल वाटायची. आता तिच्यात एक पलंग, एक शेगडी आणि एक खिडकी होती. मळेवाल्या बाईंच्या नदीकाठच्या कुरणात चार गाड्या उभ्या राहू शकतात, असं त्याने सांगितलं, आणि बाबांनी माझ्याआधीच हो म्हणून टाकलं.

तो मंगळवार होता. शुक्रवारी सकाळी आम्हाला निघावंच लागणार होतं, कारण शनिवारी कोठार होतं.

आमच्या गावात, नेदरलँड्सच्या उत्तर टोकाला फ्रीजलंडमध्ये, डाउवे नावाचा शेतकरी आहे. त्याच्या गवताच्या कोठारात गावातल्या चोवीस गाड्या हिवाळाभर झोपतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी बारापर्यंत गाडी हजर करायची. डाउवे त्या आरशाला आरसा भिडवून लावतो, मोठं दार ओढून घेतो, आणि ते उघडतो एक एप्रिलला. मधे कोणी कितीही विनवण्या केल्या तरी गाडी निघत नाही. तिच्या वाटेत बाकीच्या उभ्या असतात. बाबांनी बावीस वर्षांत ती वेळ एकदाही चुकवली नव्हती. यंदा त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, आई ताईच्या बाळंतपणाला गेलेली, म्हणून चाक माझ्या हातात होतं. माझं पाण्याच्या शास्त्रातलं शिक्षण नुकतंच संपलं होतं आणि सोमवारी गावच्या पाणी खात्यात मी रुजू होणार होते.

थोडक्यात, माझ्याकडे पासष्ट तास होते. अर्थात मंगळवारी मी ते मोजले नव्हते. बुधवारी मोजले.

सकाळी नदीवर धुकं असायचं. नदी दिसायची नाही, फक्त तिच्यावरून जाणाऱ्या मालवाहू बोटीची धडधड पायांखालच्या गवतातून यायची. मग धुक्यात एक दिवा उमटायचा, सरकत सरकत जायचा आणि विरघळायचा. मी पायरीवर कॉफी घेऊन बसायचे आणि धुकं किती वाजता उठतं ते वहीत लिहायचे. बुधवारी नऊ वाजून चाळीस मिनिटं.

"हे कशासाठी?" टिलेनने विचारलं. पाव घेऊन येणाऱ्या गाडीची घंटा झाली होती आणि तो आमच्यासाठीही चार पाव घेऊन आला होता.

"सवय," मी म्हटलं.

"मी आलो ते लिहिलंस का?"

"तुझी वेळ नियमित नाही. नोंद करण्याजोगा नाहीस तू."

त्याने एक पाव परत घेतला. म्हणाला, मग तीनच मिळतील.

आमचं पहिलं फिरणं कुठल्या कथेत शोभणारं नव्हतं. मोटरहोममधली शौचाची पेटी दर दोन दिवसांनी रिकामी करावी लागते, आणि ती जागा कुरणाच्या दुसऱ्या टोकाला होती. तो आपली पेटी घेऊन निघाला, मी आमची. साडेतीनशे पावलं. दोघंही शक्य तितक्या गंभीर चेहऱ्याने चाललो होतो. वाटेत मळेवाल्या बाईंचं हंसांचं जोडपं आडवं आलं तेव्हा आम्ही वाट देऊन उभे राहिलो, आणि तो म्हणाला की असा सुंदर संध्याकाळचा प्रकाश वाया घालवणं बरं नाही, येताना जरा लांबच्या वाटेने येऊ. आलो. येताना पेट्या हलक्या होत्या. आमच्या खांद्यांमध्ये अंतर किती होतं हे मी सांगू शकले असते, पण मी वही घेतली नव्हती.

गुरुवारी पाऊस लागला. बारीक, न थांबणारा. ओल्या घडांची तोडणी होत नाही, म्हणून टिलेन मोकळा होता, आणि त्याचं छत गळत होतं म्हणून तो आमच्याकडे आला. मोटरहोमचं छत पातळ असतं. पाऊस डोक्यावर पडतोय की डोक्यात, हे कळत नाही. बाबा मागे जाऊन झोपले. निदान पडदा तरी ओढून घेतला त्यांनी. घोरणं मात्र ऐकू आलं नाही.

टिलेन सांगत होता. नऊ वर्षं झाली त्याला असं राहून. शरदात इथली द्राक्षं, मग दक्षिणेला समुद्राकाठी इस्त्रियात मामाचे ऑलिव्ह, मग जिथे काम असेल तिथे. घर कुठलं म्हणून विचारलं तर गाडीकडे बोट. गाडी जिथे उभी, तिथे घर. इथलं त्याचं काम आज संपत होतं, उद्या तो दक्षिणेला निघणार होता.

"माणसं भेटतात," तो म्हणाला, "दोन दिवस, तीन दिवस. चांगलं असतं. मग हात करायचा आणि जायचं. त्याहून जास्त राहिलं की बिघडतं."

"हा निष्कर्ष किती प्रयोगांवरून?"

"म्हणजे?"

"चौथ्या दिवशी कधी थांबून पाहिलंयस?"

काचेवरून एक थेंब खाली आला, दुसऱ्याला मिळाला, आणि दोन्ही वेगाने खाली गेले. त्याने माझ्या कपाशेजारी आपला कप ठेवला. इतक्या जवळ की कानाला कान लागला.

"नाही," तो म्हणाला. "पाहिलं नाही."

मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. शब्द तयार होते, अगदी साधे. पण मला तीन दिवसांवरून काहीही सिद्ध करता आलं नसतं, आणि जे सिद्ध करता येत नाही ते न बोलण्याची मला पाच वर्षं सवय लावली गेली होती. म्हणून मी त्याला आमच्या समुद्राबद्दल सांगत बसले. ओहोटीला तो इतका मागे जातो की वाटाड्या घेऊन चिखलातून चालत समोरच्या बेटावर जाता येतं. टिलेनने मान हलवली. समुद्र जातो हे ठीक, पण एवढा जातो हे त्याला काही पटेना.

शुक्रवारी निघताना त्याने शेजाऱ्याचं कर्तव्य केलं. गाडीभोवती फेरी मारून एकेक गोष्ट तपासली: पायरी आत, वायर काढलेली, गॅस बंद, छताची झडप लावलेली. मग माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला. बाबांनी आमच्या दोघांकडे पाहिलं आणि नकाशा उघडला. तो त्यांना अजून नीट दिसत नव्हता.

"तो समुद्र," टिलेन शेवटी म्हणाला. "मला वाटतं तू थाप मारलीस. जाऊन बघायला हवं."

"ऑलिव्ह?"

"ऑलिव्ह दोन दिवस थांबतात. झाडाला लागलेलेच असतात ते."

चारशे वीस किलोमीटर. सबंध दिवस माझ्या आरशात तो पिवळा ठिपका होता. डोंगर खाली खाली होत गेले, मग राहिलेच नाहीत. आकाश मोठं झालं. तो ठिपका ट्रकच्या मागे गेला की मी वेग कमी करायचे. बाबांनी एकदाच विचारलं, आपण असे का चाललोय, लग्नाच्या वरातीसारखे? मी म्हटलं, डिझेल वाचतं.

शनिवारी पहाटे ओहोटी होती. बंधाऱ्यावरून आम्ही उतरलो आणि बूट हातात घेऊन चिखलात शिरलो. पाणी खरोखरच नव्हतं. होता तो राखाडी, मऊ, आभाळाचं प्रतिबिंब पडलेला चिखल, आणि लांबवर पक्ष्यांची एक रेघ. घोट्यापर्यंत रुतून टिलेन स्तब्ध उभा राहिला.

"खरं बोलत होतीस," तो म्हणाला.

"परत कधी येतो ते विचार ना."

"कधी?"

"सव्वा अकराला इथे घोट्याएवढं असेल."

"तुला सगळ्याचं परत येणं माहीत असतं…" असं म्हणून तो पुढे काही बोलणार होता, पण माझा पाय रुतला, त्याने दंड धरला, आणि वाक्य तिथेच राहिलं. दंड मात्र बंधाऱ्यापर्यंत धरलेला होता.

साडेअकराला आम्ही डाउवेच्या अंगणात होतो. रांग लागली होती. गाव सगळं तिथेच. थर्मासमधली कॉफी फिरत होती, रिमझिम चालू होती. आमची गाडी लांब म्हणून ती आधी आत गेली, पार मागच्या भिंतीला. टिलेनची गाडी फाटकाशी उभी होती, तोंड दक्षिणेकडे. त्याने मला मिठी मारली नाही, कारण अख्खं गाव बघत होतं. आता हात करायचा आणि जायचं… ते दोघांनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात डाउवे खडू कानावर खोचून माझ्याकडे आला. म्हाताऱ्या हिल्चेने आपला कॅरॅव्हॅन विकला, त्यामुळे आमच्या गाडीशेजारी साडेपाच मीटरची जागा रिकामी राहत होती. ती पिवळी किती लांब आहे? आत जायचीय की नाही? लवकर सांगा, कारण पुढची गाडी लावली की ती जागा बंद. एप्रिलपर्यंत.

तो आमच्या फ्रीजी भाषेत बोलत होता, म्हणून मला टिलेनला सगळं सांगावं लागलं. जागेचं. एप्रिलचं.

टिलेनने कोठाराच्या काळोखाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाच मीटर चाळीस," तो हळू म्हणाला. "ऑलिव्ह तोडायला मी रेल्वेनेही जाईन, तीन आठवडे. पण गाडी आत गेली तर मला परत इथेच यावं लागेल, फेना. माझं दुसरं घर नाही. म्हणून हे मी ठरवणार नाही. तू सांग."

रांगेत इंजिनं चालू होती. डाउवे खडू बोटांत फिरवत होता. माझ्या डोक्यात सवयीने आकडे आले: पाच दिवस, एक प्रयोग, पुरावा अपुरा. आणि त्याच्या घोट्यांवर वाळत चाललेला आमच्या समुद्राचा चिखल.

"आत," मी म्हटलं.

"मोठ्याने बोल पोरी, ऐकू येत नाही," डाउवे म्हणाला.

"आत घ्या! मला तो एप्रिलपर्यंत हवाय. त्याच्यापुढेही हवा असेल, पण ते तेव्हा सांगते."

हे मी आमच्या भाषेत बोलले. टिलेनला एक शब्दही कळला नाही. पण रांगेत कोणीतरी हॉर्न वाजवला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच, आणि बाबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. टिलेनने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, आणि चावीसाठी खिशात हात घातला.

गाडी इतकी अचूक बसली की पुढची दारं उघडेनात. तो मागच्या दाराने उतरला – एक गोधडी, एक तवा आणि बुटांची जोडी घेऊन. डाउवेने फळ्यावर लिहायला आडनाव विचारलं. मी टिलेनकडे बघितलं. मला माहीतच नव्हतं. त्याने सांगितलं. डाउवेने दोनदा पुन्हा विचारलं, खडू उचलला, परत खाली केला, आणि शेवटी लिहिलं: पिवळी, फेनाची.

बारा वाजता दार रुळावरून सरकत आलं. आतला पिवळा रंग बारीक होत होत एक रेघ उरला, मग तीही नाही. वाळल्या गवताचा वास तेवढा बाहेर राहिला. टिलेनचा हात पावसाने गार पडला होता. मी तो माझ्या कोटाच्या खिशात घेतला.